एका आलेखात बारा रेषा: लोकसंख्येच्या गटांतले आरोग्याचे कल स्पष्ट कसे दाखवायचे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंचे पंधरा वर्षांचे दर तुमच्याकडे आहेत. वयोगट सहा, प्रत्येकात स्त्रिया आणि पुरुष, म्हणजे एकूण बारा गट. बारा रंगांच्या बारा रेषा एका आलेखात काढल्या, पण बैठकीत कुणालाच काही वाचता आलं नाही. मग स्तंभालेख करून पाहिला, तो आणखीच दाट झाला. आता रेषालेख ठेवावा की स्तंभालेख, आणि रंग कोणते घ्यावेत, हे तुम्हाला हवं आहे.

रंगांचं पुढे सांगतो, पण तुमची अडचण आलेखाच्या प्रकारात नाही. बारा गटांमधून दोन-दोनच्या 66 जोड्या होतात, आणि तुमचा आलेख वाचणाऱ्याला सांगतो की यातली हवी ती जोडी तूच शोध. त्याला ते जमत नाही, यात त्याचा दोष नाही. कोणती तुलना दाखवायची हे आलेख काढणाऱ्यानं आधी ठरवायचं असतं. माझ्या कामात मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक वाक्य लिहितो: या आलेखातून वाचणाऱ्यानं नेमकं काय पाहायचं? ‘मधल्या वयाच्या पुरुषांमधली घट गेल्या काही वर्षांत थांबली आहे’ हे एक वाक्य झालं. ‘स्त्री-पुरुषांमधलं अंतर प्रत्येक वयोगटात कमी होतंय’ हे दुसरं. आकडे तेच असले तरी या दोन वाक्यांचे आलेख निराळे होतात. वाक्यच लिहिता येत नसेल, तर आलेख अजून तुमच्या स्वतःच्या अभ्यासापुरता आहे, बैठकीत नेण्याजोगा झालेला नाही.

वाक्य ठरलं की मांडणीचा नियम सोपा आहे. ज्यांची तुलना करायची ते गट एकाच चौकटीत, एकाच मापावर, शेजारी आणा. जे फक्त संदर्भासाठी आहेत त्यांना वेगळ्या चौकटी द्या. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रयोग करून दाखवलं की समान मापपट्टीवरच्या बिंदूंची जागा माणसाचा डोळा सर्वांत अचूक ओळखतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ, रंगाची छटा अशा क्रमानं ही अचूकता घसरत जाते. वृत्तालेखात (पाय चार्टमध्ये) कोन वाचावे लागतात, म्हणून वर्षानुवर्षांचे कल दाखवायला तो टाळावा. त्रिमितीय स्तंभात तर मागच्या स्तंभाची उंची मापपट्टीशी जुळवताच येत नाही. तो पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असला तरी तुमच्या कामासाठी तो नाहीच असं समजा.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. स्त्री-पुरुषांची तुलना हा मुख्य मुद्दा असेल, तर सहा छोट्या चौकटी करा, प्रत्येक वयोगटाला एक, आणि प्रत्येकीत दोनच रेषा. वयोगटांची तुलना मुख्य असेल, तर दोन चौकटी करा, एक स्त्रियांची आणि एक पुरुषांची, प्रत्येकीत सहा रेषा. वर्षांचा आडवा अक्ष सगळ्या चौकटींत सारखाच हवा. उभ्या अक्षाचं माप सारखं ठेवावं की नाही, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. चौकटी-चौकटींमधल्या पातळीची तुलना व्हायची असेल तर माप सारखंच हवं, त्याला पर्याय नाही. पण हृदयविकाराच्या मृत्युदरात तरुण आणि वृद्ध गटांमध्ये शेकडो पटींचा फरक असू शकतो. साधं माप सगळीकडे सारखं ठेवलंत तर तरुणांच्या चौकटीत तळाशी चिकटलेली आडवी रेघ दिसेल आणि ‘तिथे काही बदललंच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

इथे लॉग स्केल उपयोगी पडतं, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक त्याला उगाच घाबरतात. लॉग स्केलवर सारखं उभं अंतर म्हणजे सारखी पट. दर लाखामागे 200 वरून 100 वर आलेला गट आणि 10 वरून 5 वर आलेला गट, दोघांचेही दर निम्मे झाले. साध्या मापावर पहिला कड्यावरून कोसळल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्याची घट नजरेतही भरत नाही. लॉग मापावर दोन्ही रेषा समांतर उतरतात. ‘कोणत्या गटात सुधारणा जास्त वेगानं झाली’ हा प्रश्न टक्केवारीच्या अर्थानं विचारायचा असेल, तर लॉग स्केलच योग्य. अक्षावर मात्र मूळ आकडेच लिहा: 5, 10, 20, 40 अशा दुपटींनी किंवा 1, 10, 100 असे. लॉगच्या किमती लिहू नका. कोणाच्या दरात शून्य येत असेल तर तो बिंदू लॉग मापावर बसतच नाही, हेही लक्षात ठेवा. सर्वसामान्य वाचकांसाठी आलेख असेल आणि समजावून सांगायला कुणी नसेल, तर मी लॉग स्केल टाळतो. त्याऐवजी प्रत्येक चौकटीला तिचं स्वतःचं साधं माप देतो, आणि चौकटींची मापं वेगळी आहेत हे ठळक अक्षरांत, आलेखातच लिहितो.

पण कोणतं माप घ्यायचं याच्याही आधी एक मोठा प्रश्न आहे, आणि आरोग्याच्या विषमतेच्या चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ त्याच्यामुळे होतो. दोन गट घ्या. आकडे समजण्यापुरतेच आहेत. पहिल्याचा दर 80 वरून 40 झाला, दुसऱ्याचा 40 वरून 16. आता विषमता वाढली की कमी झाली? फरक पाहिला तर 40 चा 24 झाला, म्हणजे कमी झाली. पट पाहिली तर 2 ची अडीच झाली, म्हणजे वाढली. दोन्ही विधानं खरी आहेत. फरक सांगतो की जास्तीचे मृत्यू किती, आणि यंत्रणेवरचा भार त्यावरून कळतो. पट सांगते की एका गटातल्या माणसाची जोखीम दुसऱ्याच्या मानानं किती. यातलं सोयीचं एकच निवडून दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. दर घसरत असताना फरक आणि पट बहुतेकदा अशा उलट दिशांना जातात, तेव्हा दोन्ही दाखवा. निदान मूळ दर तरी शेजारी द्या, म्हणजे वाचणारा स्वतः पडताळून पाहू शकेल.

आणि मुद्दा अंतराचा असेल तर अंतराचीच रेषा काढा. दोन रेषा काढून ‘बघा, मधलं अंतर कमी होतंय’ असं म्हणून भागत नाही. रेषा तिरक्या असल्या की डोळा त्यांच्यातलं उभं अंतर मोजत नाही, तो एका रेषेपासून दुसरीपर्यंतचं सर्वांत जवळचं तिरकं अंतर पाहतो. रेषालेख रूढ करणारा विल्यम प्लेफेअर याच्या अठराव्या शतकातल्या एका आलेखात इंग्लंडच्या ईस्ट इंडीजशी चाललेल्या व्यापाराच्या दोन रेषा आहेत, आयातीची आणि निर्यातीची. क्लीव्हलँडनं त्यांच्यातला फरक वेगळा काढला, तेव्हा 1760 नंतर फरकात एक झपाट्याचा चढउतार असल्याचं दिसलं. मूळ आलेखात तो समोर असूनही नजरेतून निसटतो. तुमच्या आलेखात स्त्री-पुरुष दोन्ही रेषा एकत्र उतरत असतील तर हेच होणार. म्हणून वर दोन रेषांची चौकट आणि खाली त्याच वर्षांवर बेतलेली फरकाची किंवा पटीची छोटी चौकट, अशी जोडी मी सुचवेन.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आलेख कितीही स्वच्छ असला तरी आत चुकीचा दर असेल तर तो चुकीची गोष्ट स्पष्टपणे सांगेल. सहा वयोगटांना एकत्र करून ‘सर्व स्त्रिया’ आणि ‘सर्व पुरुष’ अशा दोन रेषा काढायचा मोह तुम्हाला होणारच. त्या दोन रेषा कच्च्या दराच्या, म्हणजे एकूण मृत्यूंना एकूण लोकसंख्येनं नुसतं भागून काढलेल्या दराच्या, नकोत. का, ते पाहा. एका गटात 90 टक्के लोक तरुण आणि 10 टक्के वृद्ध, तरुणांत मृत्युदर हजारी 2 आणि वृद्धांत 40. दुसऱ्या गटात 70 टक्के तरुण आणि 30 टक्के वृद्ध, दर 1.8 आणि 36. दुसऱ्या गटाची स्थिती दोन्ही वयांत चांगली आहे. तरी कच्चे दर निघतात पहिल्याचा 5.8 आणि दुसऱ्याचा 12.06, म्हणजे चांगला गट दुपटीनं वाईट दिसतो. दोन्ही गटांचे दर 80 टक्के तरुण आणि 20 टक्के वृद्ध अशा एकाच प्रमाण लोकसंख्येवर (तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या वयरचनेवर) बेतले की ते 9.6 आणि 8.64 होतात आणि चित्र सरळ होतं. स्त्रिया सरासरीनं जास्त जगतात, त्यामुळे त्यांच्यात वृद्धांचं प्रमाण जास्त असतं. तुमच्या आकड्यांत हा परिणाम जवळजवळ नक्की असेल. प्रमाण लोकसंख्या कोणती घेतली, ते आलेखाखाली लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रमाण लोकसंख्या उपलब्ध आहे, दुसऱ्या देशांशी तुलना करायची असेल तर ती घ्यावी.

वयाबद्दल आणखी एक. तुमचा शेवटचा वयोगट बहुधा ‘अमुक वर्षं आणि त्यापुढे’ असा उघडा असेल. पंधरा वर्षांत त्या गटाच्या आतलं सरासरी वयही वाढलेलं असतं. दर स्थिर दिसला तरी आत सुधारणा झालेली असू शकते. माहिती मिळत असेल तर हा गट फोडा.

मग येतात छोटे आकडे. तरुण स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू थोडे असतात, त्यामुळे ती रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होणार आणि बैठकीत कुणीतरी प्रत्येक दात्याचं कारण विचारणार. वर्षाला 10 मृत्यू झाले असतील, तर निव्वळ योगायोगाचा विचार करता 95 टक्के विश्वासाची मर्यादा (खरी पातळी बहुधा ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल तो पल्ला) साधारण 5 ते 18 अशी येते. म्हणजे पुढच्या वर्षी 15 झाले तरी परिस्थिती बिघडली असं म्हणता येत नाही. शंभर मृत्यू असतील तर हीच मर्यादा साधारण 81 ते 122 असते. अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र 20 पेक्षा कमी मृत्यूंवर काढलेल्या दराला अविश्वसनीय असा शेरा मारतं. तुम्हीही अशीच एखादी मर्यादा ठरवा आणि ती पाळा. तिच्याखालच्या गटांसाठी तीन किंवा पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करून दर काढा. चल सरासरी, म्हणजे लगतच्या काही वर्षांची पुढे सरकत जाणारी सरासरी, वापरत असाल तर प्रत्यक्ष वर्षांचे बिंदू फिकट ठेवून त्यावर सरासरीची रेषा काढा, म्हणजे किती चढउतार गुळगुळीत केले ते दिसतं.

विश्वासमर्यादेचा फिकट पट्टा रेषेभोवती जरूर दाखवा, पण एका चौकटीत दोन-तीन रेषांपेक्षा जास्त नसतील तरच. सहा पट्टे एकमेकांवर आले की चिखल होतो. शिवाय वाचणारे पट्ट्यांचा एक चुकीचा अर्थ सर्रास लावतात: दोन पट्टे एकमेकांवर आले म्हणजे दोन गटांत फरक नाही. असं नसतं. 95 टक्क्यांचे दोन पट्टे थोडे एकमेकांवर असूनही फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगानं सहज न येण्याइतका, असू शकतो. फरकाबद्दल बोलायचं असेल तर फरकाचीच मर्यादा काढा. वर सांगितलेली खालची छोटी चौकट इथेही कामाला येते.

इथपर्यंतचं थोडक्यात: वाक्य आधी, तुलनेचे गट एका चौकटीत, अंतर महत्त्वाचं असेल तर अंतराची स्वतंत्र रेषा, एकत्रित दर वयानुसार प्रमाणित, आणि थोड्या मृत्यूंच्या गटांत वर्षं एकत्र. बाकीचं बरंचसं कारागिरीचं आहे, पण एक गोष्ट तशी नाही आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

ती म्हणजे व्याख्या बदलल्याची खूण. पंधरा वर्षांच्या काळात मृत्यूची कारणं नोंदवण्याची पद्धत, सर्वेक्षणाचा नमुना, निदानाची मर्यादा यांपैकी काहीतरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते. उच्च रक्तदाबाचं उदाहरण घ्या. 2017 साली अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानाची मर्यादा 140/90 वरून 130/80 वर आणली. ही नवी मर्यादा मोजणीत लागू केली की रुग्णांचं प्रमाण एका रात्रीत उडी मारतं, कुणाचाही रक्तदाब न वाढता. तपासण्या वाढल्या तरी असंच होतं. अमेरिकेत पीएसए ही प्रोस्टेट कर्करोगासाठीची रक्ततपासणी पसरली, तेव्हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या निदानांची संख्या झपाट्यानं वाढून नंतर घसरली. त्या उंच शिखरामागे मुख्य कारण तपासणी होतं. असा बदल जिथे झाला तिथे रेषा तोडा, उभी तुटक रेघ काढा आणि तिच्याशेजारीच दोन-चार शब्दांत कारण लिहा. तळटीप कुणी वाचत नाही. आणि बदलाचा परिणाम सगळ्या गटांवर सारखा होतो असं धरून चालू नका. ज्या गटाची तपासणी जास्त होते, त्याच्या रेषेत उडीही मोठी दिसते.

याच ओघात: तुमच्या आकड्यांत पिढ्यांचा परिणाम असू शकतो का, हेही तपासा. अनेक पाश्चात्त्य देशांत स्त्रियांमध्ये धूम्रपान पुरुषांपेक्षा उशिरा पसरलं, म्हणून त्यांच्यातला फुप्फुसाच्या कर्करोगाचा चढही कित्येक दशकं मागून आला. हा प्रकार वर्षानुसार काढलेल्या रेषांत धूसर दिसतो. आडव्या अक्षावर वर्ष, उभ्या अक्षावर वय आणि चौकोनांत दराची छटा असा छटांचा नकाशा केला, की पिढी तिरक्या पट्ट्यासारखी दिसू लागते. छटेवरून अचूक आकडा वाचता येत नाही, पण आकृतिबंध ओळखायला ती चांगली असते. हृदयविकारासाठी तुम्हाला याची गरज पडेलच असं नाही, स्वतःसाठी एकदा काढून पाहा.

आता रंग आणि इतर बारकावे. बारा रंगांची सूची बाजूला देऊन वाचणाऱ्याला मान वळवायला लावू नका. गटाचं नाव रेषेच्या उजव्या टोकाशी, रेषेच्याच रंगात लिहा. चौकटीत दोन-तीन रेषा असल्या की दोन-तीन रंग पुरतात. लाल-हिरवी जोडी नको. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारापैकी सुमारे एकाला ती वेगळी ओळखता येत नाही, आणि इतरत्र हे प्रमाण कमी असलं तरी असे वाचक सगळीकडे असतात. निळा आणि नारिंगी ही जोडी जवळजवळ सर्वांना दिसते. काळ्या-पांढऱ्या छपाईत गोंधळ होऊ नये म्हणून एक गडद, एक फिकट ठेवा. सहा रेषांच्या चौकटीत मी एकच गट रंगात काढतो आणि बाकीचे पाच करड्या रंगात मागे ठेवतो, मग पुढच्या चौकटीत दुसरा गट रंगात. यात प्रत्येक गट बाकीच्यांच्या संदर्भात दिसतो आणि कुठलाच हरवत नाही.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा का? स्तंभ असतील तर होय, नेहमी. स्तंभाची लांबीच वाचली जाते, ती कापली की आलेख खोटं बोलतो. रेषांना ही सक्ती नाही, पण अक्ष इतकाही ताणू नका की किरकोळ चढउतार मोठा दिसेल. चौकटीच्या लांबी-रुंदीचाही परिणाम होतो. उतार साधारण 45 अंशांच्या आसपास असताना त्यांच्यातला फरक चांगला कळतो, फार रुंद आणि बुटक्या चौकटीत सगळंच सपाट वाटतं. डावीकडे एक माप आणि उजवीकडे दुसरं, असा दुहेरी अक्ष मात्र अजिबात नको. मापं सरकवून दोन रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदताना दाखवता येतात, आणि वाचणारा त्या छेदबिंदूला अर्थ देतो.

सर्वेक्षणं असमान अंतरानं झाली असतील, तर बिंदू आडव्या अक्षावर त्यांच्या खऱ्या वर्षाच्या जागी ठेवा. पहिलं आणि शेवटचं अशी दोनच वर्षं महत्त्वाची असतील, तर दोन उभ्या पट्ट्यांमध्ये प्रत्येक गटाची एक तिरकी रेघ पुरते. गटांची मांडणी अकारविल्हे न करता दराच्या क्रमानं करा. वयोगट मात्र वयाच्याच क्रमानं. शेवटच्या वर्षाचे आकडे तात्पुरते असतील तर तो तुकडा तुटक रेघेत दाखवा, कारण उशिरा आलेल्या नोंदी मिळाल्या की तो बहुधा वर सरकतो आणि आज दिसणारी घट नाहीशी होऊ शकते.

आलेखाचं शीर्षक म्हणून तुमचं सुरुवातीचं वाक्यच लिहा आणि त्याखाली छोट्या अक्षरांत काय मोजलं, दर किती लोकांमागे, कोणती वर्षं. मग शीर्षक झाकून तो आलेख विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवा आणि काय दिसतं ते विचारा. त्याचं उत्तर तुमच्या वाक्याजवळ येत नसेल तर मांडणी बदला, त्याला समजावत बसू नका.

तुमच्या प्रश्नात फक्त दर दिले आहेत. प्रत्येक गटात वर्षाला मृत्यू साधारण किती, आणि दर काढताना ज्या लोकसंख्येनं भागलं तो आकडा जनगणनेचा आहे की दोन जनगणनांमधला अंदाज, हे कळवलंत तर तरुण गटांसाठी किती वर्षं एकत्र करावी लागतील ते नेमकं सांगता येईल.